पांढरी वाळू

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

खोकं उघडलंस की आधी बाटली बाहेर काढ, मग पत्र. मागच्या खेपेला झाकण सैल होतं आणि पत्र भिजलं, असं तू लिहिलंस. झाकण सैल नव्हतं. तू उघडताना सांडलंस. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात बत्तीस वर्षं काढली आहेत मी, मला झाकणं लावता येतात.

फोन का करत नाहीस म्हणून विचारतेस. फोनवर माझं निम्मं बोलणं तूच बोलतेस. शिवाय पाण्याची बाटली दर महिन्याला तुझ्या प्रयोगशाळेत यायचीच असते, तर तिच्याबरोबर चार ओळी आल्या तर काय बिघडलं?

गल्लीच्या कोपऱ्यावरचा आपला फिल्टर झकास चाललाय. या वेळी जरा नीट साफसफाई केली. पाणी इतकं नितळ येतंय की नळदुरुस्तीवाला ग्लास उजेडात धरून म्हणाला, "बाई, यात आता पाणीच उरलं नाही." त्याला मी दोन ग्लास पाजले.

काका मजेत आहेत. पुस्तकं बांधायचं काम पुन्हा सुरू केलंय. जुन्या हातपंपाच्या पाण्याने त्यांच्या तळव्यांवर ते टणक ठिपके उठले होते ना, ते तीन वर्षांत बरेच मऊ झालेत. परवा म्हणाले, कागदाची उभी वीण कुठली आणि आडवी कुठली ते बोटांना पुन्हा कळायला लागलंय. मला वीण समजत नाही, पण त्यांचा चेहरा समजतो.

मावशी

२० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

झाकण सैलच होतं. पण असू दे, तुझ्याशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय?

तुझ्या गल्लीचा आकडा आठ. दहाच्या आत आहे तोवर आर्सेनिकची काळजी नाही. तीन वर्षं हलला नाही तुझा आठ. इथे सगळे तुला 'आठवाल्या मावशी' म्हणतात, तुला माहीतच नसेल.

आमच्याकडे नुसती धांदल आहे. यंत्राचा दिवा गेलाय, नवा यायला वेळ लागतोय, आणि बाटल्या खिडकीपर्यंत येऊन ठेपल्यात. दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडतात. मोठ्या बाई म्हणतात, अहवाल मात्र वेळेवर गेले पाहिजेत. त्यांचं म्हणणं बरोबरच आहे, पण हात दोनच.

'जरा नीट साफसफाई' म्हणजे काय केलंस? टाकीला पॉलिश केलंस की काय?

काकांना नमस्कार. माझी जुनी वही बांधून ठेवतो म्हणाले होते, ते विसरले असतील.

तुझी भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरी,

ही मार्चची बाटली. झाकणावर मी सुतळी गुंडाळली आहे, आता बोल.

तुझा आठ मी नळाशेजारच्या फळ्यावर लिहिला. तिसऱ्या घरातली सून रोज हंडा लावायच्या आधी फळा वाचते. तिला सहावा महिना लागलाय. तिच्या सासूने विचारलं, हे पाणी हिने प्यायलं तर चालेल ना? मी म्हटलं, माझ्या भाचीने मोजलंय, डोळे मिटून पी.

काका मात्र कुरकुरतात. कागद बोटांना अडकतो म्हणतात. मी म्हटलं, खळ बदललीत ती पचत नसेल हातांना. ऐकून घेतात आणि खळ मात्र तीच वापरतात.

तुमचा दिवा आला का? जेवण वेळेवर करत जा. तुझी आई लिहिते की तू चहावर दिवस काढतेस. तिला मी कळवलंय की तिची पोरगी आता मोठी झाली आहे, पण मलाही ते खरं वाटत नाही.

मावशी

१९ मार्च

प्रिय मावशी,

घाईत लिहितेय. आकडा आठ. दिवा अजून यायचाय.

काकांना नवी खळ टाकून द्यायला सांग. चहाबद्दल आईचं ऐकू नकोस.

भिंगरी

१४ एप्रिल

मावशी,

सकाळी फोन केला तेव्हा तू नळावर होतीस. 'नळाला लगेच कुलूप लावा' एवढाच निरोप काकांजवळ ठेवला. त्यांनी कारण विचारलं नाही. हे पत्र हाती येईपर्यंत कुलूप लागलेलं असेल असं धरून चालते.

तुझ्या एप्रिलच्या बाटलीचा आकडा एकसष्ट आला. दोनदा मोजला. माझा विश्वासच बसेना. बाटलीत जुन्या हातपंपाचं पाणी तर भरलं गेलं नाही ना? किंवा बाटली दुसऱ्या कशाची होती का? पुन्हा एक पाठव. भरण्याआधी नळ पाच मिनिटं वाहू दे.

तोवर फिल्टरचं पाणी कोणी पिऊ नये. बाजारामागच्या खोल बोअरवेलचं पाणी चांगलं आहे, लांब पडेल पण तेच आणा.

बाटलीचाच घोळ असणार, घाबरू नकोस.

भिंगरी

१६ एप्रिल

चि. भिंगरी,

कुलूप निरोप मिळाला तेव्हाच लागलं. गल्लीला 'दुरुस्ती' एवढंच सांगितलंय. सगळे बाजारामागे हेलपाटे घालताहेत आणि माझ्याकडे बघून हसताहेत, कारण माझ्या हातून काही बिघडू शकतं हेच त्यांना नवीन.

बाटलीचा घोळ म्हणतेस याचा मला राग आला. आला तर आला, लिहून मोकळी होते. धुलाईखान्यात रोज सातशे चादरी मोजून घेतल्या आणि मोजून दिल्या. हातपंप कुठला आणि नळ कुठला एवढं मला कळतं.

दुसरी बाटली सोबत आहे. पाच नाही, दहा मिनिटं पाणी वाहू दिलं.

मावशी

१९ एप्रिल

प्रिय मावशी,

चौसष्ट.

म्हणजे बाटलीची चूक नाही. रागावली होतीस ते बरोबर होतं, मी माफी मागते.

आता शांतपणे आठव. फिल्टरला काय झालं? कुणी आत हात घातला? नळदुरुस्तीवाल्याने काही बदललं? आणि फेब्रुवारीत तू 'नीट साफसफाई' केलीस म्हणालीस, ती कसली होती? तेव्हा विचारलं होतं, पण तू पत्रात ते गाळलंस आणि मीही विसरले.

भिंगरी

२१ एप्रिल

चि. भिंगरी,

गाळलंच होतं. तू ओरडशील म्हणून.

फिल्टर बसवला तेव्हा तुम्ही प्रयोगशाळेची माणसं भिंतीवर कागद लावून गेलात: महिन्यातून एकदा वरची दोन बोटं वाळू ढवळा, लाल पाणी झाकलेल्या खड्ड्यात सोडा, बाकी हात लावू नका. तीन वर्षं मी तेवढंच केलं. पण दर महिन्याला झाकण उघडलं की ती वाळू बघून माझ्या अंगावर काटा यायचा. विटेसारखी लाल झालेली. आणि वरच्या टाकीत लोखंडाचा कीस होता, त्याची गंजून ढेकळं झालेली. अशातून गळून आलेलं पाणी मी लोकांना पाजतेय, हे मनाला पटेना.

नऊ फेब्रुवारीला नळदुरुस्तीवाल्याला घेऊन सगळी वाळू उपसली. चादरींवरचे गंजाचे डाग काढायची पूड माझ्याकडे डबाभर होती. गच्चीवर पिंपात भिजवली, घासली, बारा पाण्यांतून काढली. भिंगरी, अशी पांढरी वाळू मी जन्मात पाहिली नव्हती. गंजकी ढेकळं काढून खड्ड्यात टाकली. लाल पाणीही खड्ड्यातच ओतलं, तेवढं डोकं शाबूत होतं. वाळू परत भरली आणि त्या दिवशी घरी येऊन चक्क गाणं म्हटलं. काका अजून चिडवतात.

आता सांग, यात काय चुकलं? स्वच्छ केल्याने पाणी घाण कसं होईल?

मावशी

२४ एप्रिल

प्रिय मावशी,

मी ओरडणार नाही. चूक तुझ्याइतकीच माझीही आहे. हात लावू नका असं लिहिलं, का लावू नका ते कधी सांगितलं नाही.

आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. नुसत्या वाळूतून ते खुशाल पलीकडे जातं. त्याला पकडतो तो गंज. वरच्या टाकीतलं लोखंड गंजतं, तो गंज पाण्याबरोबर उतरून वाळूच्या कणाकणावर बसतो आणि विष त्याला चिकटून राहतं. ती लाल वाळूच खरा फिल्टर होती. तू ती धुऊन काढलीस.

आता उपाय. लेथच्या कारखान्यातून लोखंडाचा कीस आण, तेल निघेपर्यंत धू (हे धुणं चालेल), वरच्या टाकीत वीतभर थर दे. मग रोज पाणी सोडत राहा आणि सगळं खड्ड्यात जाऊ दे. सहा-आठ आठवड्यांत वाळू लाल होईल. मी आकडा बघत राहीन.

एक विनंती आहे. गल्लीला खरं कारण सांगू नकोस. 'दुरुस्ती' ठीक आहे. लोक बिथरले तर फिल्टरवरचा विश्वासच उडेल आणि सगळे पुन्हा त्या हातपंपाकडे जातील. शिवाय तुझं नाव खराब होईल, आणि ते मला बघवणार नाही. झालं ते झालं. तिसऱ्या घरातल्या सुनेला दवाखान्यात तपासून घ्यायला सांग, दुसरं काहीतरी निमित्त काढ.

तुझी भिंगरी

२७ एप्रिल

चि. भिंगरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. जन्मभर ज्या गंजाशी भांडले तोच माझ्या गल्लीला सांभाळत होता, आणि मी त्याला हाकलून दिलं. काकांना सांगितलं. त्यांनी आपले तळवे उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाले, "तू चांगल्यासाठी केलंस." त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्यांदा वाचताना कॅलेंडर घेऊन बसले. वाळू धुतली नऊ फेब्रुवारीला. फेब्रुवारीची बाटली भरली बाराला, म्हणजे तीन दिवसांनी. तुझा कागद आला: आठ. मार्चची बाटली भरली अकराला. तुझा कागद आला: आठ. एप्रिलला एकसष्ट.

गंज गेला त्याच दिवशी विष सुटलं असणार, तूच तसं लिहितेस. मग हे दोन आठ कुठून आले? तुमच्या यंत्राचा दिवा तर एकोणीस मार्चलाही आला नव्हता, मग मोजलं कशाने?

मला चादरींचा हिशेब कळतो. गाडी आली नसताना पावती आली, तर ती कुणीतरी टेबलावर बसून लिहिलेली असते.

माझी चूक फेब्रुवारीतच सापडली असती. ती नऊ आठवडे तुझ्या आकड्याखाली झाकून राहिली. तो आकडा मी स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिला आणि त्या पोटुशा पोरीला डोळे मिटून पी म्हटलं.

आमच्या नळाला आता कुलूप आहे. पण तू असे आकडे आणखी किती ठिकाणी लिहिलेस? तिथले नळ चालू आहेत ना?

माझं नाव खराब होईल याची काळजी तू करू नकोस. माझं मी गल्लीला सांगणार आहे. तुझं मी सांगणार नाही, ते तुझं आहे. पण तू सांगेपर्यंत मला पत्र पाठवू नकोस.

मावशी

४ मे

मावशी,

चौदा ठिकाणचे.

दिवसभर मी तुझं पत्र पिशवीत घेऊन हिंडले. मनात उत्तरं जुळवत होते: बाटल्या साठल्या होत्या, अहवाल मागत होते, ज्यांचे आकडे वर्षानुवर्षं हलत नाहीत अशांचेच मी जुने आकडे लिहिले. सगळं खरं आहे आणि त्यातलं एकही कारण म्हणून चालणार नाही. तुझी बाटली तर मी उघडलीही नव्हती. तुझं पाणी स्वच्छच असणार, हे मी धरूनच चालले होते.

तीस तारखेला मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. यादी मागितली, आणि गाडी काढून आम्ही दोघी त्याच दिवशी निघालो. चौदांपैकी बऱ्याच जागांच्या नव्या बाटल्या एप्रिलमध्ये येऊन गेल्या होत्या, त्या ठीक होत्या. पण चार ठिकाणच्या बाटल्या तीन महिन्यांतून एकदाच येतात. त्यातल्या एका शाळेच्या फिल्टरचा आकडा बावीस निघाला. वरचं लोखंड संपलं होतं, कुणाला पत्ता नव्हता. पुढची बाटली थेट जूनमध्ये यायची होती. तू विचारलं नसतंस तर मुलं तोवर तेच पाणी प्यायली असती.

तिथे मुख्याध्यापकांसमोर उभं राहून मीच बोलले. मोठ्या बाईंनी मला तसं सांगितलं होतं. ते म्हणाले, "अहो, तुमचा तो आकड्याचा कागद आम्ही फ्रेम करून लावलाय." मला रडू आलं. नको तिथे येतं ते.

मला यंत्रावरून काढलंय. बाटल्या धुणे आणि चिठ्ठ्या लावणे, चौकशी पूर्ण होईपर्यंत. नोकरी राहील की नाही माहीत नाही.

तू पत्र पाठवायची परवानगी देशील असं धरून पाठवतेय.

भिंगरी

१२ मे

चि. भिंगरी,

परवानगी आहे.

रविवारी सकाळी मी गल्लीला नळापाशी बोलावलं. कुलपाला हात लावून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. धुतलेली मूठभर वाळू दाखवली आणि लाल वाळू कशाला हवी होती ते तुझ्या शब्दांत सांगितलं. आकडे चुकीचे आले होते, त्याबद्दल प्रयोगशाळेची माणसं स्वतः येऊन बोलतील म्हटलं. कोण, ते सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही, तू माझी भाची आहेस हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

कुणी आरडाओरडा केला नाही. ते जड गेलं. तिसऱ्या घरातल्या सासूने किल्ली मागितली, मी दिली. आता किल्ली नळदुरुस्तीवाल्याच्या बायकोकडे असते. ती माझ्यापेक्षा कमी स्वच्छ आहे, म्हणजे या कामाला बरी.

सुनेला दवाखान्यात नेऊन आणलं. मीही बरोबर गेले, तिने नको म्हटलं नाही. डॉक्टर म्हणाले, बाळ वाढतंय नीट, पाण्याचं लक्षात ठेवून तपासत राहू. काकांच्या हातांबद्दल म्हणाले की इतक्या लवकर सांगता येत नाही, खळही असेल, पाणीही असेल. जे आम्हाला ठाऊक नाही, ते त्यांनाही ठाऊक नाही.

लोखंडाचा कीस आणला. मी, गंज जमावा म्हणून रोज सकाळी टाकीत डोकावते. धुलाईखान्यातल्या बायकांना कळलं तर हसून लोळतील.

जेवतेस का?

मावशी

१८ जून

प्रिय मावशी,

मे महिन्यातला आकडा एकतीस होता, तो तुला कळवला गेला होता. परवाच्या बाटलीचा आकडा नऊ. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घेतला, तेव्हाही नऊ. नळ उघडायला हरकत नाही, असं मोठ्या बाईंनी सहीनिशी लिहिलंय. कागद सोबत आहे.

मी मोजलेला नाही. माझ्या जागी आलेल्या मुलीने मोजला. मी बाटली धुतली, तिला चिठ्ठी लावली आणि ती मोजत असताना शेजारी उभी राहिले.

नोकरी राहिली. वर्षभर यंत्राला हात लावायचा नाही, त्यानंतर बघू म्हणाले. मला ते कमीच वाटलं. तुमच्या गल्लीत येऊन मी बोलले त्या दिवशी कुणी माझ्याशी नीट बोललं नाही, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. काका आत काम करत होते, बाहेर आले नाहीत. त्यांना रागवायचा हक्क आहे. त्यांना हे सांग.

भिंगरी

२१ जून

चि. भिंगरी,

काल नळ उघडला. वाळू पुन्हा विटेसारखी झाली आहे, मला ती सुंदर दिसते, हे लिहून ठेव.

नळदुरुस्तीवाल्याच्या बायकोने फळ्यावर नऊ लिहिलं. रांगेतून कुणीतरी विचारलं, कोणी मोजला? ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, माझ्या भाचीने नाही मोजला. तेव्हा लोकांनी हंडे लावले.

मला फार वाईट वाटलं. तुला न सांगता ठेवणार होते, पण आपलं ठरलंय की आता काही गाळायचं नाही.

मी रांगेत शेवटी उभी राहिले आणि कळशी भरून घरी आले. काकांना ग्लास दिला. तू आलीस त्या दिवशी ते बाहेर आले नाहीत ते रागाने नाही. पुन्हा खरखरीत झालेले हात तुला दिसू नयेत म्हणून आले नाहीत, हे त्यांनी मला काल सांगितलं. तुझी ओळही मी त्यांना वाचून दाखवली.

त्यांनी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "तिला लिही. वर्षाने ती यंत्रावर बसली की आपल्या गल्लीची बाटली तिने स्वतः मोजायची. तो आकडा आला की सगळ्यांच्या आधी मी पिईन."

मावशी